तीन किलो पीठ

सॉफ्टवेअरच्या धंद्यात गिऱ्हाइकाची गरज ओळखावी ती आमच्या टीममधल्या मुतोनीनंच. म्बाले शहरातल्या प्रसूतिगृहासाठी आम्ही डॉक्टरांना तातडीनं बोलावायचं ॲप बनवत होतो. ते किती वेगानं चालावं, असं विचारलं की नर्स नामोनोबाई म्हणायच्या, "पटकन उघडलं म्हणजे झालं!" मी आपलं लिहिलं, दहा सेकंद लागले तरी चालतील. मुतोनीनं ते वाचलं. तिनं बाजारातून तीन किलो मक्याचं पीठ आणलं, ओल्या टॉवेलात गुंडाळलं आणि माझ्या हातात दिलं. "हे आत्ताच जन्मलंय, रडत नाहीये. बोलाव डॉक्टरांना." मी हसत एका अंगठ्यानं फोनवरचं बटण दाबलं. पडद्यावर चक्र फिरू लागलं. "अरे, मान सांभाळ त्याची!" शेजारी उभ्या नामोनोबाई ओरडल्या. दचकून मी दोन्ही हातांनी पीठ छातीशी धरलं. फोन खाली पडला. "आता बोल, किती सेकंद?" मुतोनीनं विचारलं. फरशीवरच्या फोनमध्ये चक्र अजून फिरतच होतं.