बायकांची खोली

“ती आत येणार असेल तर आम्ही बाहेर,” काकू म्हणाल्या, आणि कपडे बदलायच्या खोलीच्या दारात त्यांनी खरोखरच फतकल मारली.

त्यांच्या मागे शिवणखात्यातल्या सगळ्या बायका उभ्या होत्या. समोर, हातात डबा घेऊन, एकटी इस्त्रीवाली.

सुपरवायझर बाईंनी कपाळाला हात लावला. शर्ट शिवायच्या त्या कारखान्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. बायकांची भांडणं काही नवीन नव्हती. कात्रीवरून व्हायची, पंख्यावरून व्हायची, खुर्चीवरच्या उशीवरून तर हमखास. पण हे निराळं होतं. बाहेर रस्त्यावर कुणीतरी काकूंच्या कानात फुंकलं होतं, की तुमच्यात एक हिजडा बाई बनून काम करतोय. झालं! तेव्हापासून सगळ्यांच्या नजरा एकाच ठिकाणी वळत होत्या.

वळणारच. इस्त्रीवाली दाराच्या चौकटीला डोकं टेकेल एवढी उंच. खांदे रुंद, आवाज घोगरा. ती जड इस्त्री अशी उचलायची, जणू लाटणंच. नवीनच लागली होती. घरूनच कामाचा झगा चढवून यायची आणि सुट्टी झाली की वाघ मागे लागल्यासारखी पळायची. काकूंनी एकदा “लेकरंबाळं किती गं?” म्हणून खोदून पाहिलं, तर म्हणाली, “मोजायला सवड कुणाला आहे, काकू!”

“आम्ही काय तुला फासावर चढवतोय का?” काकू आता म्हणाल्या. “नुसतं सांग. बाई आहेस का तू?”

“काकू, तुम्ही आहात?”

मागे कुणीतरी फिसकन हसलं. काकू तापल्या. “माझ्या पांढऱ्या केसांचा तरी मान ठेव!”

“पांढरे तर माझ्या सासऱ्याचेही आहेत.”

“सासरा म्हणे! ऐका गं बायांनो, हिला सासरापण आहे!”

मग मात्र सगळ्याच हसल्या. इस्त्रीवालीही हसली, आणि तेच काकूंना फार लागलं.

“मला माझी काळजी नाही,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी कॉलरवालीला हाताला धरून पुढे ओढलं. “पण ही पोर बघा. लाजाळूचं झाड नुसतं. आमच्यासमोरसुद्धा भिंतीकडे तोंड करून कपडे बदलते. त्यात ही धटिंगण आत आली, तर हिनं काय करायचं?”

कॉलरवाली हलक्या अंगाची, हळू बोलणारी. तिनं शिवलेल्या कॉलरला एक चुणी सापडायची नाही. काकूंनी तिला लेकीसारखी पंखाखाली घेतली होती. डबा उघडला की पहिला घास तिला. इस्त्रीवालीकडे ती मान वर करून बघायचीही नाही. भीतीनं, असं काकूंचं मत. आत्ताही तिची नजर जमिनीवरच होती.

“हिला मध्ये ओढू नका,” इस्त्रीवाली एकदम म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच चढला होता.

बाईंनी तिला कापडाच्या कोठीत नेलं आणि दार लोटून घेतलं.

“हे बघ, डॉक्टरचा दाखला आण. मी सगळ्यांची तोंडं बंद करते.”

“सगळ्याच आणू देत की. मी रांगेत उभी राहते.”

“नोकरी जाईल, बये. या बायका मशीनवर बसत नाहीत. मी कुणाकुणाला समजावू?”

“त्यांना समजवा. मला कशाला?”

“बरं, दाखला राहू दे. निदान माझ्या कानात म्हण, की मी तसली नाही. एवढंच म्हण. मी शपथेवर बाहेर सांगते.”

इस्त्रीवाली कापडाच्या ताग्यावर टेकली. तिला नोकरी हवी होती; ते तिच्या डोळ्यांत स्वच्छ दिसत होतं.

“बाई, ‘तसली’ ही शिवी आहे का? आणि असली, तर मी ती माझ्या अंगावरून झटकून दुसऱ्या कुणाच्या अंगावर का टाकू? माझ्या घडीत कधी खोट निघाली?”

“नाही.”

“मग कामाचं विचारा. बाकीचं विचारायचा हक्क मी कुणाला देत नाही. असेल कुणी हिजडा, तर असेल. पोट तर तिलाही आहे ना?”

बाईंना जे समजायचं ते समजलं. त्यांना वाईटही वाटलं. इतकी वर्षं माणसं पाहिली होती, पण ताठ मानेनं बुडायला निघालेलं माणूस विरळाच. तरी एका बाजूला सगळं खातं आणि दुसऱ्या बाजूला एकटी ती. बाई बाहेर आल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “इस्त्रीवाली, उद्यापासून येऊ नकोस.”

काकू गुडघ्यावर हात टेकून उठल्या. बायका पदर सावरत आपापल्या जागी गेल्या. मशीनं घरघरू लागली. इस्त्रीवालीने इस्त्री बंद केली, गार व्हायला उभी ठेवली आणि डबा उचलला.

तेवढ्यात कॉलरवाली जागेवरून उठली.

“तू कशाला उठतेस? बस,” काकू म्हणाल्या. “गेली एकदाची पीडा.”

“वहिनी, थांब,” कॉलरवाली म्हणाली.

काकूंनी इकडेतिकडे पाहिलं. “कुणाची वहिनी?”

“खाली बस!” इस्त्रीवाली दारातून ओरडली. “शपथ आहे तुला माझ्या पोरांची! मी बघते माझं.”

“माझ्या सख्ख्या भावाची बायको आहे ही,” कॉलरवाली बाईंना म्हणाली. “चार बाळंतपणं झालीत हिची. धाकटं अजून अंगावर पितं.”

मग ती काकूंच्या पुढ्यात येऊन उभी राहिली, दोन्ही हातांची बोटं तिनं ताठ पसरली, आणि तळव्यावर तळवा आडवा मारून अशी एक टाळी वाजवली, की सगळी मशीनं थांबली.