कांबळ्याचं चित्र

"कांबळे नावाचा कुणी चित्रकार न्हाई हितं," असं पहारेकऱ्यानं सांगितलं, तरी कुंडलचा दौलती लेकाचं चित्र हुडकत सांगलीच्या त्या संग्रहालयात भिंतीभिंतीनं फिरत राहिला. "मुंबईत कांबळे म्हटलं की खोली मिळत न्हाई," असं कुरकुरत १९५९ साली परत गेलेलं पोरगं, जालिंदर, सात वर्षं घराकडं फिरकलं नव्हतं. त्याचं चित्र सांगलीला लागलंय, हे कानावर आलं आणि बापानं माधवनगरच्या गिरणीत खाडा केला.

शेवटच्या दालनात त्याचे पाय थबकले. चित्रातला माणूस नुसत्या वाकड्यातिकड्या रेघांचा, तोंडसुद्धा निळं; पण सुतावर टेकलेल्या उजव्या हाताला दोन बोटं कमी होती. दौलतीची ती दोन बोटं गिरणीनंच खाल्ली होती.

"खाली काय लिवलंय वं?"

"जालिंदर कुंडलकर. लय मोठं नाव हाय मुंबईत," पहारेकरी म्हणाला. "आबा, तुमी बी कुंडलास्नंच आलो म्हणालासा न्हवं? वळखता का त्यांना?"



"न्हाई बा," म्हणत दौलतीनं उजवा हात हळूच सदऱ्याच्या खिशात घातला.