निर्दोष घर

मिस्त्रीने फरशीवर सोडलेली गोटी जागच्या जागी थांबली आणि घर घ्यायला निघालेल्या मुलाचा चेहरा खुलला.

"बघा, म्हटलं नव्हतं?"

मिस्त्रीने गोटी उचलून खिशात टाकली. आयुष्यभर घरं बांधून झाल्यावर आता तो लोकांना घरं तपासून देत असे. घेणारा जितका खूश, तितका तो सावध. त्याने कपाटामागे हात घातला, छताचे कोपरे न्याहाळले, मोरीत बादलीभर पाणी ओतून ते कुठे तुंबतं का ते पाहिलं. हातोडीच्या दांड्याने एकूण एक भिंत ठोकली. कुठे गिलावा पोकळ नाही, कुठे ताज्या रंगाखाली झाकलेली ओल नाही. असं घर वर्षात एखादंच भेटे. खरं सांगायचं तर त्याला थोडा कंटाळाच आला.

मुलगा, सून आणि मुलाची आई त्याच्या मागोमाग फिरत होती. आईचं स्वतःचं दोन खोल्यांचं घर होतं, नवरा गेल्यापासून ती तिथे एकटीच राहायची. ते विकायचं, हे घ्यायचं आणि सगळ्यांनी एकत्र राहायचं, असं ठरलं होतं. तिच्या घराला गिऱ्हाईकही मिळालं होतं. मिस्त्रीने हे घर पास केलं की उद्या तिची सही.

"आई, ही तुझी खोली," मुलगा म्हणाला. "सकाळचं ऊन थेट आत येतं. गुडघ्यांना बरं."

आई खिडकीपाशी गेली आणि वितीने तिची रुंदी मोजू लागली. "पडदे कुठले लावू गं?" तिने सुनेला विचारलं. सून खाली मान घालून उभी राहिली. हिला सासू घरात नको असणार, मिस्त्रीच्या मनात आलं. सुनांबद्दल असं काही मनात यायला त्याला फार वेळ लागत नसे.

आता दोन खोल्यांमधली भिंत तेवढी राहिली होती. ही परीक्षा तो कुणाला सांगून करत नसे. सांगितलं की माणसं बातम्या दिल्यासारखी बोलतात. म्हणून त्याने मुलाला आणि सुनेला पलीकडच्या खोलीत पिटाळलं. "पलंग कुठे, कपाट कुठे, ठरवून घ्या. दार लावा, म्हणजे दारामागची जागा कळेल." मग त्याने आईला खूण केली आणि हळूच म्हणाला, "इकडे आवाज येतो का, ते बघायचंय." आईला गंमत वाटली. लहान पोरीसारखी तीही भिंतीला कान लावून उभी राहिली.

आधी पलंगाचं झालं. मग सुनेचा आवाज आला, अगदी शेजारी उभी असल्यासारखा.

"त्यांना आज तरी सांगा हो. पडद्यांचं विचारताहेत मला. मला नाही बघवत."

"आधी सही होऊ दे," मुलगा म्हणाला. "वृद्धाश्रमात नाव घातलंय. दोन महिन्यांत नंबर लागेल. तोवर राहील इथे."

"आणि नाही म्हणाल्या तर?"

"जाईल कुठे? घर कुठे उरणार आहे तिला?"

मिस्त्री मुद्दाम खोकणार होता. आईने त्याचं मनगट घट्ट धरलं. पलीकडे कपाटाची लांबी ठरत होती. मिस्त्रीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच्याच युक्तीने हे तिच्या कानावर गेलं होतं.

"मी लिहितोच, ताई," तो कुजबुजला. "भिंत पातळ आहे, पलीकडचा शब्दन् शब्द ऐकू येतो. असं लिहून त्याच्याच हातात देतो. कळू दे त्याला."

"नको. मग त्याला कळेल, मी ऐकलं." आई कुजबुजली. "मग तो माझ्या दारात पुन्हा यायचा नाही, भाऊ."

"मग काय लिहू?"

"ओल लिहा."

"अहो, ओल नाहीये कुठे."

"लिहा."

लपवलेली ओल मिस्त्रीने शेकडो घरांत उघडी पाडली होती. नसलेली ओल आजवर एकदाही लिहिली नव्हती. या घराच्या मालकाने त्याचं काही घोडं मारलं नव्हतं. पण मनगटावरची ती बोटं सुटत नव्हती. त्याने वही काढली आणि लिहिलं. अक्षर वाकडंतिकडं आलं.

दार उघडलं. "काय मिस्त्री, पास ना?"

"घेऊ नका," मिस्त्री वहीत बघत म्हणाला. "या मधल्या भिंतीत ओल आहे. आतून. वर्षभरात बाहेर येईल."

मुलाचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. मग त्याने आईच्या खांद्यावर हात ठेवला. "बरं झालं, वेळेत कळलं. असल्या ओलीत तुझा दमा उसळला असता. तुझ्यासाठीच तर घेतोय हे सगळं. तू काळजी करू नकोस, आई. आपण दुसरं बघू. तुझं गिऱ्हाईक थांबेल."

सुनेने तोंड फिरवलं.

"बघू की," आई म्हणाली. त्याच्या बाहीला लागलेला चुना तिने हाताने झटकला. "चांगली दहा बघू. पण तपासायला दर वेळी यांनाच बोलाव हं. यांना बरोबर ओल सापडते."