आकडी
निवृत्तीनंतर म्हातारा माळी पहिल्यांदाच बागेत आला, तोही ऐन हिवाळ्यात. त्याच्या जागेवर आता लेक होती. काचघराच्या कोपऱ्यात त्याची लांब आकडी अजून उभी होती. आत तापलं, की तीस वर्षं याच आकडीनं तो छताची झडप उघडून कोंडलेली ऊब बाहेर सोडायचा. तेव्हाच्या थंडीत काचांवर वाफ धरायची. शाळेतून आलेली लेक दार उघडं टाकून वाफेवर बोटानं मांजर काढायची आणि हा ओरडायचा, "आधी दार लाव, झाडं गारठतील." आज मानेवर घाम आला, तशी त्यानं वर न बघताच आकडी उचलली. ती कशालाच लागेना. "बाबा, छताच्या काचा काढल्या," लेक म्हणाली. "थंडी पडतच नाही हल्ली. काचघरातल्यासारखं बाहेरच कोंडतंय." त्यानं आकडी खाली घेतली नाही. आभाळाकडे बघत म्हणाला, "मग इथली झडप कुठाय, पोरी?"