कोरडं लाकूड

कमलाकांतने कोंबडीचा पहिला पंख तोंडाशी नेला आणि तिथेच थांबवला.

कमलाकांतचं नाक काय आहे हे दातिवऱ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. तिकडे एडवणला कोणी बोंबील भाजायला घेतला की हा इकडे भात वाढून घ्यायचा आणि नुसत्या वासावर ताट चाटूनपुसून साफ करायचा. पटत नसेल तर राहू द्या.

"कसे झालेत, बाबा?" समोर बसलेल्या सुनेने, रूपालीने, विचारलं.

रूपाली बोईसरला वाढलेली. या घरात आली तेव्हा तिला बांगडा कुठून साफ करायचा ते कळत नव्हतं, पण कोंबडीत तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. उद्यापासून श्रावण. तिच्या माहेरी महिनाभर पाळायचे, ती सवय तिने इकडेही आणलेली. समुद्र बंद असल्याने ताजी मासळी नव्हतीच. म्हणून तिने बाजारातून पंख आणवले, मोबाइलवर बघून लसूण-मिरचीत मुरवले, गूळ आणि चिंचेचा चिकट पाक केला. ऐन वेळी गॅस संपला. मग मागच्या पडवीतली चूल पेटवली, जाळीवर पंख मांडले आणि पाक फासत, उलटत, पुन्हा फासत राहिली. पंख कडेने करपले, वरून तांबडे चकचकीत झाले. शेजारची मांजरं कुंपणावर येऊन बसली.

कमलाकांतने पंखाचा लचका तोडला आणि सावकाश चावला. गोड बरोबर होतं, तिखट बरोबर होतं.

"कोंबडीला मासळीचा वास कसा?" तो म्हणाला.

रूपालीला हसू आलं. म्हणाली, तुम्हाला सगळ्यातच मासळी येते, बाबा. शेजारी बसलेला तिचा नवरा, दर्पण, हसला नाही. तो भाकरीचा तुकडा मोडत होता. मोडलेला तुकडा पुन्हा मोडत होता.

म्हातारा आज खुशीत होता. होडीचं नवं सुकाणू पुरं झालं होतं. सकाळीच त्याने त्याच्या लोखंडी पट्ट्या ठोकून मुशी माशाच्या तेलाचा शेवटचा हात दिला, पडवीच्या कोपऱ्यात ते उभं केलं आणि उद्या उचलायला दोन गडी सांगायला किनाऱ्यावर गेला. तिथे गप्पा मारता मारता दिवस कलला.

त्या सुकाणूवर बाप-लेकात बोली झालेली. गेल्या साली म्हाताऱ्याचं सुकाणू भर पाण्यात मोडलं. रात्रभर तो एकटा भरकटला आणि सकाळी होडीसकट एडवणच्या रेतीत सापडला. तेव्हापासून तारापूरच्या कंपनीत नोकरीला असलेला दर्पण होडी विकू या म्हणत होता. शेवटी ठरलं की नारळी पुनवेच्या आत बापाने आपल्या हाताने सुकाणू घडवलं तर होडी पाण्यात जाईल, नाहीतर विकायची. दर्पणने मान डोलावली ती बापाचे कापरे हात बघून. कमलाकांतने चहाची बशी उचलली की खाडीला भरती येते, असं गाव म्हणायचं. पण त्याच हातांनी त्याने अख्खा पावसाळा पडवीत बसून साग तासला. जे दहा वेळा चुकलं ते अकराव्या वेळी बरोबर केलं.

"लाकूड कुठलं घेतलंस, पोरी?"

"पडवीतलं. बाकी सगळं भिजलं होतं, तेवढंच एक कोरडं म्हणाले." तिने नवऱ्याकडे मान वळवली. "ह्यांनीच फोडून दिलं. काय पेटलं, बाबा. रॉकेलही लागलं नाही."

तिच्या हातात आल्या होत्या त्या नुसत्या ढलप्या.

कमलाकांतने पंख ताटात ठेवला. त्याने दर्पणकडे पाहिलं.

"लोखंडी पट्ट्या?"

"काढून ठेवल्यात," दर्पण ताटाशीच बोलला.

चुकून कुऱ्हाड चालवणारा माणूस आधी पट्ट्या काढून ठेवत नाही.

मग दर्पणने तोंड उघडलं, म्हणाला, "त्या रात्री बाबा, एडवणपर्यंत मी सगळा किनारा शोधत..." आणि तांब्या उचलून पाणी प्यायला.

रूपालीला एवढंच कळलं की बाप-लेकात काहीतरी बिनसलंय. घरात असं झालं की तिच्याकडे एक हुकमी उपाय असे. गेल्या सालच्या त्या रात्रीची म्हाताऱ्याची एक गोष्ट होती. सुकाणू मोडलं तेव्हा एसटीएवढी मुशी पाण्यातून वर आली, होडीच्या मागे येऊन चिकटली आणि शेपटीने होडी वळवत वळवत तिने त्याला एडवणला आणून सोडलं. जाताना तिने तंबाखू मागितली. दर खेपेला मुशी वाढायची. मागच्या आठवड्यात ती मालगाडीएवढी झाली होती.

"बाबा, मुशीची गोष्ट सांगा ना," ती म्हणाली.

कमलाकांतने ठेवलेला पंख पुन्हा उचलला. पाकाचा एक थेंब ताटात पडला.

"मेली ती."

रूपाली हसली. "कधी?"

"आज. मी किनाऱ्यावर होतो तवा." त्याने हाडावरचं उरलेलं मांस दातांनी ओढून काढलं आणि नीट चावून खाल्लं. "तिच्याच तेलावर भाजलेस तू हे. खा, दर्पण. गार झाले की वास जातो."

रूपालीचं हसू अजून तोंडावरच होतं. तिने मान वळवून उघड्या दारातून मागे पाहिलं. पडवीचा कोपरा रिकामा होता. चुलीतलं शेवटचं लाकूड अजून जळत होतं, अगदी सरळ, धूर न करता.