चांग-गिलच्या आईचे कोबी

ओक-बुन हातात सुरी घेऊन चांग-गिलच्या आईच्या अंगणात शिरली, तेव्हा शेजारच्या भिंतीवरून एक डोकं वर आलं. थोड्याच वेळात पाच-सहा झाली. भिंतीला कान असतात म्हणतात. आमच्या गावात डोकीही असतात.

सगळ्यांना वाटलं, आज सूड घेतला जाणार. उत्तरेचं कम्युनिस्ट लाल सैन्य गावात होतं तेव्हा याच घरच्या चांग-गिलने ओक-बुनच्या नवऱ्याकडे बोट दाखवलं होतं. नवऱ्याला गोळी घातली गेली. पुढे सैन्य उत्तरेला पळालं, चांग-गिल डोंगरात लपला, आणि मागे राहिल्या त्याची आई आणि दोन लहान मुली. गावाने त्या घराला वाळीत टाकलं. आता ओक-बुन सुरी घेऊन आली होती. तिला अडवायला एकानेही भिंत ओलांडली नाही, हेही इथे सांगून टाकलेलं बरं.

म्हातारी उठली नाही. तिच्यापुढे मिठात मऊ पडलेल्या कोबीचा ढीग होता. हिवाळ्याची किमची, म्हणजे मसाला भरून मुरवलेला कोबी, आमच्याकडे कोणी एकटीने घालत नाही. आज माझ्या अंगणात दहा बायका, उद्या तुझ्या. एकटीच्या हाताने निम्मे कोबी सडतात, आणि किमची नसली की वसंतापर्यंत नुसता भात, तोही असला तर. गावाला हे पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच कोणी आलं नव्हतं.

"मारायचं तर मार," म्हातारी म्हणाली. "आधी पोरींना आत पाठवते."

"मुळे कुठे ठेवलेत?"

"काय?"

"मुळे. चिरायचे नाहीत का?"

ओक-बुनने कोपऱ्यातली टोपली ओढली, बाह्या वर केल्या आणि चिरायला बसली.

भिंतीवरून ग्वाकबाई ओरडल्या. ग्वाकबाई म्हणजे आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या ज्येष्ठ पुढाऱ्याची बायको. रविवारी सगळ्यांत लांब प्रार्थना त्यांचीच.

"इन-होची आई, डोकं फिरलं का तुझं? त्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही असं ठरलंय."

"कोणी ठरवलं?" ओक-बुनने मान वर केली नाही.

"गावाने. मंडळीनेसुद्धा."

"प्रभूला विचारलं होतं का?"

कोणीतरी खुदकन हसलं आणि लगेच खोकलं.

"आम्हाला शास्त्र शिकवू नकोस. परवा तुझे कोबी आहेत ना? घाल एकटीने."

"घालीन."

"आणि चौकीत कळलं म्हणजे? लाल म्हणतील तुला."

"मग तुम्हीच जाऊन सांगा, मुळे चिरत होती म्हणून."

तिला भीती वाटत नव्हती असं नाही. त्या दिवसांत तेवढ्या एका शब्दावर माणसं उचलली जात आणि परत येत नसत. तिच्या घरी तिचा मुलगा इन-हो होता, त्याला आता तिच्याशिवाय कोणी नव्हतं. तिच्या हाताखालचे मुळ्याचे तुकडे जाडबारीक पडत होते, पण ती उठली नाही.

म्हातारी मसाला कालवता कालवता थांबली. "मी माफी-बिफी मागणार नाही, सांगून ठेवते. कसाही असला तरी मुलगा माझा आहे."

"मी कुठे माग म्हटलं?"

"मग कशाला आलीस? प्रेम उतू चाललंय?"

"नाही," ओक-बुन म्हणाली. "तुमचं तोंड पाहिलं की पोटात आग पडते. रोज प्रार्थना करते, तरी पडते. ती विझायची वाट बघत बसले तर तुमचे कोबी सडतील."

म्हातारीने परात दोघींच्या मधे सरकवली. मग दोघी कोबीच्या पानापानात मसाला भरत राहिल्या, आणि धाकटी नात भरलेले कोबी उचलून रांजणाजवळ नेत राहिली. भिंतीवरच्या बायकांना घरी कामं होती, पण एकही हलली नाही.

आमच्याकडे एक रीत आहे. मदतीला आलेल्या बाईला घरची बाई आतलं कोवळं पान मसाल्यात गुंडाळून आपल्या हाताने भरवते. म्हातारीने चाळीस वर्षं हे केलेलं. तिच्या हाताने सवयीने पान गुंडाळलं, पुढे केलं, आणि मग तिच्या लक्षात आलं की समोर कोण बसलंय. हात तसाच अधांतरी राहिला, मनगटापर्यंत लाल.

ओक-बुन राबायच्या तयारीने आली होती. या हातून खावं लागेल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. देणं सोपं होतं. याच हाताने चांग-गिलला भरवलं असेल, लहानाचा मोठा केला असेल. तिचे दात आपोआप आवळले गेले.

म्हातारी हात मागे घेऊ लागली. ओक-बुनने तिचं मनगट धरलं आणि तोंड उघडलं.

तिने घास सावकाश चावला, गिळला.

"खारवलेला जवळा घातला नाहीत?"

"कोणी विकला नाही मला," म्हातारी म्हणाली.

ओक-बुनने ओठ पुसले आणि पहिल्यांदाच भिंतीकडे तोंड केलं.

"ग्वाकबाई, तुमच्याकडे रांजणभर जवळा आहे. वाटीभर घेऊन या. आणि बाह्या वर करूनच या, कोबी अजून निम्मे राहिलेत."