सरावाचं फुटेज

ताईचं लग्न मोडलं, तसे बाबा माझ्या मागे लागले. "सिनेमातली माणसं गायब करतोस ना? मग लग्नाच्या व्हिडिओतून त्याला काढ."

मी भावोजींना इतकं सफाईनं पुसलं की मलाच राहवेना. व्हीएफएक्स शिकवायची माझी वेबसाइट आहे. तिथे मी हाच धडा टाकला आणि सोबत मूळ फुटेज सरावाला दिलं. कुठकुठले विद्यार्थी भावोजींना काढून पाठवायला लागले. बाबा जेवताना रोज विचारायचे, "आज कितीजणांनी काढलं?" आणि एक घास जास्त जेवायचे.

एकदा मात्र उलटंच काम आलं. भावोजी जागच्या जागी होते. ताई, बाबा, मी, झाडून सगळे पाहुणे गायब. काम माझ्यापेक्षा सरस. पाठवणाऱ्याचं नाव पाहिलं, तर खुद्द भावोजी.

"निर्लज्ज आहे," म्हणत बाबा ताटावरून उठले.

ताई मात्र पुन्हा पुन्हा लावून बघत राहिली.

"यानं काहीच काढलेलं नाही," ती म्हणाली. "त्याला लग्न असंच दिसत होतं."